घरच्या पोरीला कोण फेटा बांधतंय?

ईश्वरीबद्दल लिहायचं म्हणजे आधी वरणाबद्दल लिहावं लागतंय. त्याला माझा इलाज नाही.

ईश्वरीचं गाव हिवरवाडी. जिंतूर तालुक्यात, बोरीपासून आत. गावात एसटी येते, पण ड्रायव्हरच्या मनात आलं तर. तिच्या वडलांचं, म्हणजे गोविंदरावांचं शेत कॅनॉलच्या पल्याड, चांगलंच लांब. दुपारी शेतात भाकरी पोचवायचं काम ईश्वरीकडं, ती शाळेत होती तेव्हापासून. आणि ही बया भाकरी घेऊन कधी चालत गेलीच नाही. एका हातात भाकरीचं गठुडं, दुसऱ्या हातात वरणाचा कडीचा डबा, आणि सुटली पळत.

कारण एकच. तिला पळायला आवडायचं. पण आमच्या भागात पोरगी मोकळ्या हातानं पळायला लागली की रस्त्यावरचा प्रत्येक जण विचारतो, "कुत्रं लागलंय का गं मागं?" हातात डबा असला की कोणी काही विचारत नाही. उशीर झाला असंल, म्हणतात आणि बिडी ओढत बसतात. म्हणजे अख्ख्या गावाच्या लेखी ही पोरगी इतकी वर्षं रोज उशिराच निघत होती. एकालाही वाटलं नाही की बुवा, हिच्या घरातलं घड्याळ तरी एकदा बघून यावं.

गोविंदरावांना तर मुळीच नाही वाटलं. ते बांधावर बसून रोज एकच वाक्य बोलायचे, "पळत कामून येती गं? वरण सांडतंय की!" आणि मग तेच वरण भाकरीत कुस्करून खायचे.

मी राजनंदिनी. परभणी शहरातली. वडील कारकून, आई शिक्षिका, म्हणजे घरात बोलायला माणसं भरपूर आणि ऐकायला कोणी नाही. त्यामुळं माझा आवाज मोठा झाला आणि राग नाकावर आला. ईश्वरी आणि मी कॉलेजात भूगोलाला एका बाकावर. कॉलेजात आल्यावर ती सकाळी मैदानावर बूट घालून उघडपणे पळायला लागली. पहिल्या दिवशी क्रीडाशिक्षकांनी तिला विचारलं, "तू पळताना हात असे आखडून कामून धरतीस? खांदे हलतच नाहीत तुझे." तिनं नुसती बुटाची नाडी आवळली. मला मागून सांगितलं, "वरणाची सवय."

पुढं तिला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मेडल मिळालं. ती ते घेऊन गावी गेली. गोविंदरावांनी हातात घेऊन उलटंपालटं केलं, नखानं टिचकी मारली आणि विचारलं, "पितळाचं हाय का?" मग बैलांच्या घुंगरमाळा जिथं टांगतात त्या खुंटीला ते अडकवलं. माणूस वाईट नाही हो. पोरीला कॉलेजात धाडलं, खोलीचं भाडं भरलं, कधी उणा शब्द नाही. फक्त पोरगी पळते म्हणजे काय करते, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. ईश्वरी मला एकदा म्हणाली, "नंदे, आप्पानं मला एकदा पळताना बगावं, बस. हातात डबा नसताना." एवढंच मागणं होतं तिचं. मी म्हटलं, "मग दे की डबा फेकून एक दिवस." ती म्हणाली, "उपाशी ऱ्हातील ना ते." काय बोलणार अशा पोरीशी?

गोविंदरावांच्या डोक्यात पळणं शिरलं नाही, पण दुसऱ्यांची डोकी मात्र त्यांना चांगली कळायची. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा फेटा कोणी बांधत नाही. लग्न असो, निवडणुकीतला विजय असो, कोणाची म्हैस प्रदर्शनात पहिली आलेली असो, गोविंदराव हजर. बुटका नवरदेव त्यांच्या हातून उठला की करवल्यांच्या वर दिसतो. बाईच्या डोक्याला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. परभणीत मिरवणुकीत आमी पोरी फेटे बांधून फिरतो, हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बाय, बायकांच्या डोक्याला फेटा बसत न्हाई. वेणी आडवी येती." जणू तक्रार वेणीचीच होती.

तर अशा वेळी आमच्या भूगोल विभागात ती शर्यत उपटली. शर्यत तीन खेळांची. प्रत्येक संघात तिघं. एक जण पोहणार, तो बाहेर येऊन मनगटावरची फीत सायकलवाल्याच्या मनगटाला बांधणार, आणि सायकलवाला ती पळणाऱ्याच्या. यंदा यजमान आमचं कॉलेज. जागा कोणती, हे ठरवायचं काम भूगोलाच्या सिद्धोधन सरांनी आमच्या गळ्यात टाकलं. सर म्हणाले, "हा तुमचा प्रकल्प. उतार बघा, माती बघा, पाणी बघा. दोन गट, दोन जागा. जी चांगली तिथं शर्यत."

दुसऱ्या गटानं परभणीचा बायपास निवडला आणि पोहायला शहरातला तलाव. त्या बायपासला शेळीसुद्धा थांबत नाही, पण त्यांना तेच शास्त्रीय वाटलं. आमच्या गटात मी, ईश्वरी आणि सुगत. सुगत पूर्णेचा, वडील रेल्वेत, लहानपणापासून नदीत पोहलेला. दर पंधरा मिनिटांनी ते सांगायचा. ईश्वरीनं जागा आधीच ठरवून ठेवली होती, हिवरवाडीचा पाझर तलाव.

खरं सांगते, जागा झकास होती. तलावाचा काठ उथळ, मग हळूहळू खोल. सुगतनं कासऱ्याला दगड बांधून खोली मोजली. म्हशी घेऊन आलेला एक म्हातारा तासभर ते बघत बसला आणि शेवटी म्हणाला, "काय पडलंय पाण्यात? सोन्याचं असंल तर गडी लावू." सायकलला कॅनॉलच्या कडेचा रस्ता, सपाट, रहदारी नाही. काळ्या मातीची भीती पावसाळ्यात, आमची शर्यत थंडीत. मी मोबाईलला रेंज कुठं मिळते ते बघितलं. एका बाभळीखाली मिळते.

आता पळायचा टप्पा. कॅनॉलचा रस्ता सरळ शाळेच्या मैदानामागं निघतो. शेंबडं पोरही तोच मार्ग काढील. ईश्वरीनं नकाशावर तो पुलापाशी मोडला, वेशीतून गावात घातला, मारुतीच्या पारासमोरून, स्वतःच्या दारावरून, आणि मग मैदानात सोडला.

मी म्हटलं, "हे काय गं?"

"प्रेक्षकांची उपलब्धता," ती म्हणाली. अहवालात तसंच लिहिलं होतं.

"प्रेक्षक म्हणजे गोविंदराव का?"

तिनं मला हरभऱ्याचे घाटे फेकून मारले. पण मार्ग बदलला नाही. मीही जास्त ताणलं नाही. म्हटलं, असू दे, एवढ्या एका वाकणानं भूगोलाचं काय वाटोळं होणार आहे?

सिद्धोधन सर जागा बघायला आले. सरांनी तलावाला एक फेरी मारली आणि गावात पाय ठेवला, तोच सरपंच सितारामभाऊ आडवे आले. आमच्याकडं पाहुणा गावातून नुसता निघून गेला तर गावाची इज्जत जाते. सरांना खुर्ची, शाल, श्रीफळ, गोविंदरावांच्या हातचा फेटा, अतिगोड चहा आणि सितारामभाऊंचं भाषण. त्या भाषणात सरांचा उल्लेख दोनदा आणि गावच्या पाणीटाकीचा सारखा. सर इतके खूश झाले की फेटा न काढता एसटीत बसले आणि परभणीच्या स्टँडपर्यंत तसेच गेले. म्हणाले, "जागा उत्तम. पुढच्या रविवारी चाचणी घेऊ. चार संघ पळवून बघू. जमलं तर शर्यत इथंच."

आमी तिघं आनंदानं वेडे झालो. सत्काराला किती वेळ लागला, हे आमच्यातल्या एकाही भूगोलवाल्यानं मोजलं नाही. उतार मोजला, खोली मोजली, म्हशीसुद्धा मोजल्या.

चाचणीच्या आदल्या दिवशी मी ईश्वरीच्याच घरी मुक्कामाला. संध्याकाळी ती गोविंदरावांसमोर जाऊन उभी राहिली. "आप्पा, उद्या मी पळणार हाय. आपल्या दारावरून. तुमी बगा."

गोविंदराव फेट्यांच्या कापडांच्या घड्या मोडत बसले होते. गावोगावहून मागून आणलेली कापडं, ढीगभर. "व्हय व्हय," ते म्हणाले. "उद्या लय काम हाय गं. परभणीचं पाव्हणं येयलेत."

मला त्याच वेळी शंका यायला पाहिजे होती. पण मी त्यांच्या घरचा ठेचा खाऊन डोळ्यांतलं पाणी पुसत होते.

रविवारी सकाळी मला शिट्टी देऊन पारापाशी उभं केलं. काम एकच, पळणारा चुकीच्या गल्लीत शिरायला लागला की शिट्टी मारायची. सर शेवटच्या रेषेवर, मैदानात. पारासमोर मांडव, सतरंजी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि एक बॅनर. बॅनरवर सरपंच, उपसरपंच, उपसरपंचांचा मुलगा आणि गावातल्या सगळ्या होतकरू मंडळींचे फोटो. खेळाडूंना जागा उरली नव्हती.

सगळ्यात आधी वेशीतून महारुद्र आला. दुसऱ्या गटाचा, आमच्या वर्गातला सगळ्यात दांडगा पळणारा. काय सुंदर पळत होता. आणि सितारामभाऊ हात जोडून त्याच्या पुढ्यात. "या पाव्हणं! दोन मिंटं टेका."

"काका, शर्यत आहे!"

"असू द्या की. शर्यत कुठं पळून चाललीय?"

चौघांनी त्याला प्रेमानं खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. गळ्यात हार, मांडीवर नारळ. गोविंदरावांनी त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून सरळ केलं. "हलू नगा, पाव्हणं. फेटा वाकडा बसंल, मंग नाव मला ठेवतील." मी शिट्टी वाजवली. कोणी बघितलं नाही. मी जोरात वाजवली. तर एका काकूंनी मला चहा आणून दिला.

दुसरा आला, बसवला. तिसरा मागच्या गल्लीतून निसटायला बघत होता, त्याला तरुण मंडळानं उचलून आणला. माझं डोकं फिरलं. मी सितारामभाऊंवर ओरडले, "अहो, सोडा त्यांना! तेच्यायला, ही शर्यत आहे का साखरपुडा?" ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमचापण हाय सत्कार. शेवटी महिलांचा घेतलाय."

ईश्वरी सगळ्यात मागं होती. पूर्णेच्या नदीत लहानाचा मोठा झालेला आमचा सुगत हिवरवाडीच्या म्हशींमध्ये अडकला होता. त्याच्याकडून फीत मानवतच्या प्रियांकाला, आमच्या सायकलवालीला, मिळेपर्यंत बाकीचे कुठल्या कुठं गेले होते. तर त्यामुळं ईश्वरी वेशीतून शिरली तेव्हा तिच्यासमोर हे दृश्य. तीन खुर्च्या, तीन पळणारे. दोन फेटे तयार, तिसरा चाललेला.

ती पळत आली. छातीवर नंबर, मनगटाला फीत, दोन्ही हात मोकळे. तिचं पळणं मी मैदानावर शंभरदा बघितलं असेल, पण त्या दिवशी मी शिट्टी विसरले.

मांडवातून कोणीतरी विचारलं, "ही कोण?"

सितारामभाऊंनी मान वर केली. "गोविंदरावाची. घरचीच हाय, जाऊ द्या." आणि हाराचं ताट घेतलेला माणूस, जो पुढं यायला लागला होता, तो बाजूला सरकला. तिला वाट मोकळी झाली.

गोविंदरावांनीही वर बघितलं. हातात तिसऱ्या पोराच्या फेट्याचं टोक होतं. पोरीकडं बघितलं, नंबराकडं बघितलं, आणि मोठ्यानं म्हणाले, "अगं, माय एकटीच हाय चुलीपाशी! चहाचं बग जरा जाऊन!"

तिचा एक पाय चुकला. मी बघितलं, दुसऱ्या कोणाला दिसलं नसेल. मग तिनं मान खाली घातली आणि पळत गेली. स्वतःच्या दारावरून, तसंच पुढं, मैदानात. तिथं सिद्धोधन सर, त्यांचं घड्याळ आणि एक शेळी. पहिली आली. दुसरा बराच वेळ आलाच नाही, कारण त्याच्या सत्काराला उत्तर देण्याचं भाषण चालू होतं.

सर गावात आले तेव्हा लालबुंद झाले होते. तीन फेटेवाले बघून त्यांनी हातातलं घड्याळ खिशात कोंबलं. मग फुटले ते आमच्यावर. "मार्ग कोणी काढला हा? भूगोल शिकवला का वरात काढायला शिकवलं तुम्हाला?" ईश्वरी म्हणाली, "मी काढला, सर." सरांनी नकाशा घेतला, लाल पेन काढलं आणि पुलापासून मैदानापर्यंत सरळ रेघ मारली. "जागा चांगली आहे. शर्यत इथंच होईल. पण गाव वगळून. उद्या नवीन मार्ग मोजून आणा."

म्हणजे आमी जिंकलो होतो. सुगतनं उड्या मारल्या. ईश्वरी त्या लाल रेघेकडं बघत उभी होती. रेघ तिच्या दारापासून, पारापासून आणि गोविंदरावांपासून लांबून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमी दोघींनी नवीन मार्ग मोजला. ती कामापुरतं बोलली. दुपारी घरी आलो, तिच्या मायनं भाकरीचं गठुडं आणि वरणाचा डबा हातात दिला, आणि मी सवयीनं ओढणी कमरेला खोचली, आता हिच्या मागं पळावं लागणार म्हणून. पण ती चालत निघाली. अख्खी वाट चालली. पारावरचा एक जण तर म्हणाला, "काय गं, आज लवकर निघालीस वाटतं?" मी त्याच्यावर असे काही डोळे वटारले की त्यानं बिडी उलटी धरली.

गोविंदराव बांधावर उभे राहून वाटेकडं बघत होते. "आज उशीर?" ते म्हणाले.

ईश्वरीनं डबा खाली ठेवला.

"पळत न्हाई आलीस?"

"न्हाई."

ते बसले. गठुडं सोडलं. भाकरी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. "काल पयली आलीस म्हणं. तो पयला पाव्हणा सांगत होता, महारुद्र का कोण. तू म्होरं गेलीस तवा फेटा बांधलेल्या डोक्यानंच म्हणला, काका, आता आमचं काय खरं न्हाई, ती गेली." मग भाकरीकडं बघत, "आन मी चहा म्हणलो."

मला वाटलं, आता ही गप्प बसेल, नेहमीसारखी. पण ती फुटली. "आप्पा, साऱ्या दुनियेला थांबवलंत तुमी! चिठ्ठी न्हाई, ओळख न्हाई, त्या पोरांना धरधरून खुर्चीत बसवलंत. मला कामून न्हाई थांबवलं?"

गोविंदरावांना खरंच कळलं नाही. "तुला कशाला थांबवू? तू घरची हायस."

"मंग घरचीला डोकं नसतंय का?"

एवढं बोलून ती रडायला लागली. लहान पोरासारखी, नाक पुसत. मी उगंच हरभऱ्याचे घाटे सोलत बसले.

गोविंदरावांनी भाकरी खाली ठेवली. धोतराला हात पुसले. खांद्यावरचं उपरणं काढून झटकलं, दोन्ही हातांनी ताणून बघितलं आणि म्हणाले, "पुरत न्हाई हे." मग माझ्याकडं बघून, "बाय, तुझी ओढणी दे." मी दिली. हिरवी, टिकल्या लावलेली, परभणीच्या बाजारातली. त्यांनी उपरण्याला तिची गाठ मारली, पीळ दिला, आणि ईश्वरीला म्हणाले, "बस."

ती बांधावर बसली. त्यांनी एक टोक तिच्या तोंडाशी नेलं. "धर दातात. आन हलू नको." त्यामुळं तिला रडताही येईना आणि बोलताही. ते बांधायला लागले आणि वैतागायला पण. "वेणीचं काय करावं आता... ही डावीकडं घे... न्हाई, वर घे... डोकं लय लहान हाय गं तुझं, मायवर गेलीस..." काल तिघांचे फेटे एका दमात बसले होते, हिचा दोनदा सोडला, तिसऱ्यांदा बांधला. वेणी आत गुंडाळली. शेवटी तुरा काढला, तो माझ्या ओढणीचा, टिकल्यांचा. दोन पावलं मागं सरकून बघितलं.

"बसला की," स्वतःशीच म्हणाले.

ईश्वरीनं तोंडातलं टोक काढलं. ती काही बोलणार, तेवढ्यात ते म्हणाले, "आता जा. मायला दावून ये."

ती उठली. सवयीनं डबा उचलायला वाकली.

"तो ऱ्हाऊ दे," गोविंदराव म्हणाले. "पळ. गावातून जा. मी हितून बगतो."

ती सुटली. कॅनॉलच्या पुलावरून वेशीच्या दिशेनं, डोक्यावर फेटा, हात मोकळे. माझ्या खिशात कालची शिट्टी होती, ती मी फुंकली, चांगली जोरात, उगंच. गोविंदराव बांधाच्या सगळ्यात उंच जागी चढले, डोळ्यांवर हात धरला आणि ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. मग खाली येऊन बसले, डब्याचं झाकण काढलं आणि भाकरी कुस्करायला घेतली.

"इतकी वर्षं पळत आली," माझ्याकडं न बघता म्हणाले, "पर वरण एकदा सांडलं न्हाई पोरीनं."